न्यूयॉर्क बंदरातली कालवे

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार. जी कालवे (ऑयस्टर) कोणी खाणार नाही, ती वाढवण्यासाठी माणसांनी एवढे का राबावे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. किनाऱ्यावर आमच्याशी बोलायला थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो.

इथल्या बंदरात एके काळी सुमारे २,२०,००० एकरांवर कालवांचे थर होते. बेसुमार उपसा आणि शहराचे सांडपाणी यांमुळे त्यांची अशी वाताहत झाली की, १९२७ मध्ये उरलीसुरली क्षेत्रेही बंद करावी लागली. १९७२ च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यानंतर पाणी बरेच सुधारले. पण कालवाच्या पिल्लाला चिकटायला कठीण जागा लागते, आणि तीच तळाशी फारशी उरली नव्हती. म्हणून 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' हा इथला प्रकल्प २०१४ पासून उपाहारगृहांतली रिकामी शिंपले गोळा करतो, बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंड या बेटावर ती सुमारे वर्षभर उन्हापावसात ठेवतो आणि मग टाक्यांमध्ये त्यांवर पिल्ले चिकटवून बंदरात सोडतो. २०३५ पर्यंत एक अब्ज कालवे सोडण्याचा संकल्प आहे.

मला मोलाचे वाटते ते मात्र शाळकरी मुलांचे काम. धक्क्याला टांगलेला कालवांचा पिंजरा वर ओढला की चिखलाचे पाणी निथळते, एखादा खेकडा तिरका पळतो, आणि हातमोजे घातलेली मुले जुन्या शिंपल्यावरचे नखाएवढे कालव मोजपट्टीने मोजून वहीत लिहितात. ते जिवंत आहे की मेले, यावरून त्यांचा वाद रंगतो. मग ती घरी जाऊन आईवडिलांना जे सांगतात, ते आमच्या पत्रकांनी कधीच साधले नसते.

खाण्याची मनाई मात्र आडपडदा न ठेवता, सर्वांत आधी सांगायला हवी, असे माझे ठाम मत आहे. जोराचा पाऊस झाला की पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून बंदरात येतो. दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकणारे कालव त्यातले जंतूही अंगात साठवते. जिथे लोक पोटासाठी गळ टाकतात, तिथे ही सूचना त्यांच्याच भाषेत आणि तोंडी दिली गेली पाहिजे.

तुझ्या शाळेतल्या मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी खडपावर जाशील का? कोयतीने कालवे काढणाऱ्या बायकांना ती पूर्वी कुठे मिळत आणि आता कुठे मिळत नाहीत, हे मुलांनीच विचारावे आणि नकाशावर मांडावे. तो नकाशा मला जरूर पाठव. इथल्या मुलांना दाखवीन.

तुझी,
वैशाली