राणीच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमच्या कुत्रीचा, राणीचा आजार बरा होण्यातला नव्हता. तरीही आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त निघतं ते तुमचंच नाव. हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितोय. तुम्ही जे केलं ते नागपुरात कुत्रं-मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराला कळावं, असं मनापासून वाटतं.

पुढच्या पायाच्या हाडाचा कॅन्सर छातीपर्यंत गेलाय, हे तुम्ही एक्स-रे समोर धरून सरळ सांगितलंत. मग एक वही करायला लावलीत. रोज रात्री लिहायचं: जेवली का, आपणहून उठली का, जागेवरच शी-शू झाली का, कुणाला पाहून शेपूट हलवली का. आमचे बाबा तिला शांतपणे मरण देणाऱ्या इंजेक्शनचं नावही काढू देत नव्हते. वहीतली शेवटची पानं वाचल्यावर त्यांनीच तुम्हाला फोन लावला. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, याचा मला आजही फार आधार वाटतो.

मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तिला गाडीत घालून आणू नका म्हणालात आणि सकाळी लवकर स्वतः घरी आलात. आधी नुसतं गुंगीचं इंजेक्शन. ती बाबांच्या मांडीवर शांत झोपली, तेव्हा शिरेतून दुसरं औषध. पुढे काय दिसेल तेही आधीच सांगून ठेवलं होतंत: डोळे उघडे राहतील, लघवी होईल, थोड्या वेळानं एखादा श्वास घेतल्यासारखा भास होईल, पण तिला काही कळत नसेल. तसंच झालं. आधी माहीत नसतं तर तिला त्रास झाला असं आई जन्मभर मनात धरून बसली असती. स्टेथोस्कोप लावून तुम्ही बराच वेळ ऐकलंत, थांबून पुन्हा ऐकलंत, मगच "गेली" म्हणालात.

तुमचं काम इथंच संपलं असं कुणीही म्हटलं असतं. शेजारच्या काकांनी आपुलकीनंच सुचवलं, "घंटागाडीवाल्याले देऊन द्या ना भाऊ, तो नेते भांडेवाडीच्या कचरा डेपोले." दुसरं कुणी नाग नदीचं नाव घेतलं. तुम्ही कुणावर चिडला नाहीत. ओट्यावर बसलात आणि सगळ्यांना समजावून सांगितलंत. राणीला दिलेलं औषध बार्बिट्युरेट जातीचं, म्हणजे गाढ गुंगी आणणारं आणि जास्त मात्रेत जीव घेणारं. जीव गेला तरी ते तिच्या अंगात तसंच राहतं. असं शरीर उघड्यावर पडलं आणि घारीनं, कोल्ह्यानं किंवा रस्त्यावरच्या कुत्र्यानं खाल्लं, तर तोही गुंगीत पडतो, मरूही शकतो. अमेरिकेत असं मांस खाऊन गरुड मेल्याच्या नोंदी आहेत. या जातीचं काही औषध मातीत वर्षभरानंतरही सापडतं.

मग तुम्ही गिधाडांचं सांगितलंत. ते औषध वेगळं होतं, डायक्लोफिनॅक, दुखण्यावरचं. ते दिलेली गुरं मेली, गिधाडांनी खाल्ली, त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि थव्यांचे थवे संपले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडं आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात आणावी लागली. घारीला नाक मुरडणारे काकाही हे ऐकून गप्प झाले होते.

दहन सगळ्यात चांगलं, त्या उष्णतेत औषध नष्ट होतं, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. बाबांना मात्र तिला कळमेश्वरकडच्या आमच्या शेतातच ठेवायचं होतं. तुम्ही त्यांचं मन मोडलं नाहीत, अटी मात्र पक्क्या घातल्यात. विहीर आणि नाल्यापासून लांब, पावसाचं पाणी साचणार नाही अशी उंच जागा. शरीरावर किमान तीन फूट माती येईल एवढा खोल खड्डा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, सुती चादर चालेल. निघेपर्यंत पंखा आणि बर्फाच्या बाटल्या. मे महिन्यातली काळी माती दगडासारखी झालेली असते. कुदळीनं दोन-अडीच फुटांवर सगळे दमले असते, म्हणून जेसीबीवाल्याला बोलवा हेही तुम्हीच सुचवलंत. वर दगड रचले आणि बोराटीचे काटे टाकले, कारण आमच्याकडे रानडुकरं रात्रीतून उकरतात. संध्याकाळी तुमचा फोन आला. पहिला प्रश्न हाच: "माती किती टाकली?"

वापरलेल्या सुया न विसरता बंद डब्यात घालून परत नेल्यात. राणीच्या उरलेल्या गोळ्याही मागून घेतल्यात, कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून. या गोष्टींची फी कुणी देत नाही आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. मला तर तुमच्या उपचारांइतकंच मोल त्यांचं वाटतं. एका जीवाला सोडवताना दुसऱ्या कुणा जीवावर ते बेतू नये, याची काळजी तुम्ही आमच्या वतीनं घेतलीत.

तुम्ही सांगितलेलं सगळं बायकोनं साध्या मराठीत एका पानावर लिहून काढलंय. दहनाचा पर्याय सगळ्यात वर ठेवलाय. सोमवारी दवाखान्यात आणून देतो. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. छपाईचा खर्च आमच्याकडे. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्या हातात इंजेक्शनच्या आधीच ते पान द्या. त्यानंतर वाचायचं भान कुणाला राहत नाही.

आपले नम्र,
राणीच्या घरची सगळी माणसं
त्रिमूर्ती नगर, नागपूर