लक्ष्मीपूजनाची नाणी चिंचेत टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली. खानदेशात घरोघर हंडे, समया, ताम्हणं घासायला निघतील आणि त्यांच्यासोबत देव्हाऱ्यातली जुनी नाणीही चिंच-मिठात पडतील. त्याआधी हे पत्र छापावे, अशी कळकळीची विनंती आहे.

मी पारोळ्याचा निवृत्त चित्रकला शिक्षक. आमच्या मायच्या बटव्यात दहा नाणी होती: सात शिवराया, दोन ढब्बू पैसे आणि एक राणीछाप रुपया. दरवर्षी पूजेआधी ती घासून लख्ख करण्याचे काम माझ्याकडे असे. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. शिवकाळानंतर पेशवाईतही शिवराई पाडली जात होती, त्यामुळे नाण्याचा काळ ठरवायला अक्षरांचे हे वळणच उपयोगी पडते. आमच्या सातांपैकी चार नाण्यांवर आता नुसता ‘रा’ उरला आहे. बाकीचे मी चाळीस वर्षांत घासून काढले.

अकरावे नाणे गेल्या श्रावणात बटवा उसवताना शिवणीत सापडले. चांदीचे, काळे पडलेले, नखाएवढे. या वेळी त्याला पाणीसुद्धा लावले नाही. उत्तरेच्या खिडकीपाशी पुस्तकांचे दोन ढीग लावून त्यांवर मोबाइल आडवा ठेवला. नाणे बाटलीच्या झाकणावर ठेवले, म्हणजे त्याची सावली खाली दूर पडते आणि कड स्वच्छ दिसते. फ्लॅश बंद. बोटाच्या धक्क्याने फोटो हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. वरून सरळ उजेड पडला की झिजलेले नाणे सपाट दिसते. तिरपा, जवळजवळ आडवा उजेड आला की पुसट रेघेलाही सावली मिळते. वर्गात मडके काढायला शिकवताना मी हेच सांगत असे. आणखी एक गोष्ट: फोटोत उजेड वरच्या डाव्या बाजूने यावा. तो खालून आला, तर डोळा फसतो आणि उठावाची अक्षरे खोदल्यासारखी दिसतात.

फोटोत एका बाजूला राजाचे मस्तक आणि कडेने ग्रीक अक्षरांची मोडकी नक्कल उमटली. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती ब्राह्मी लेख. नाशिकच्या एका जाणकारांना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. सोबत मोजपट्टी ठेवून घेतलेला व्यास, १४ मिलिमीटर, आणि सोनाराच्या काट्यावरचे वजन, दोन ग्रॅमला थोडे कमी, हेही कळवले. नाणे पश्चिम क्षत्रपांचे, म्हणजे प्राचीन काळी गुजरात-माळव्याकडे राज्य करणाऱ्या शक राजांचे निघाले. या राजांच्या नाण्यांवर राजाच्या नावासोबत त्याच्या बापाचेही नाव असते आणि मस्तकामागे शक संवताचे वर्ष. आमच्या नाण्यावर दोनशेची खूण लागली. पुढचे अंक नाण्याबाहेर गेले आहेत. शके २०० म्हणजे इसवी सन २७८. आपल्या पंचांगात आजही तोच शक चालतो. मी ते राखुंडीने घासले असते, तर ही खूणही गेली असती.

म्हणून ज्यांच्या घरी अशी नाणी आहेत, त्यांनी ती कडेला धरून उचलावीत, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि फोटोसोबत वजन व नाणे घरात कुठून आले ते लिहून ठेवावे. आजीच्या माहेरचे असेल तर त्या गावाचे नाव. बऱ्हाणपूरच्या टांकसाळीचे मोगल रुपये आपल्याकडच्या जुन्या घरांत असू शकतात. त्यांवर टांकसाळीचे नाव बहुधा अर्धेच उमटलेले असते, तेव्हा कडेचे एकही अक्षर फोटोतून सुटू देऊ नये. पूजा न धुतलेल्या नाण्यांचीही होते; आम्ही यंदा तशीच करणार आहोत.

नांगरताना जमिनीतून निघालेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तिथेही आधी आहे त्या जागी, मातीसकट फोटो घ्यावा.

तिरप्या उजेडातला आणि सरळ उजेडातला, असे एकाच नाण्याचे दोन फोटो पत्रासोबत पाठवत आहे. जागा असेल तर दोन्ही शेजारी शेजारी छापावेत.

आपला,
एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)