महादजींवरून थेट आजच्या मंत्र्यांवर उडी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावर वृत्तपत्रांत येणाऱ्या लेखांचा साचा ठरून गेला आहे. आधी पानिपत, मग महादजी, मग १८५८ आणि झाशीची राणी, आणि तिथून एकदम राजमाता, माधवराव, ज्योतिरादित्य. १८०३ ते १९४८ ही मधली वर्षे दोन-चार ओळींत उरकली जातात. राज्यकर्त्यांचे हे घराणे राजकारणी कसे झाले, हे मात्र त्याच काळावरून समजते. शिवाय या घाईत काही चुका वर्षानुवर्षे छापल्या जात आहेत.

पहिली चूक वंशावळीची. घराणे साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या पाटलांचे. पहिल्या बाजीरावांच्या काळात राणोजी पुढे आले. त्यांच्या मुलांपैकी जयाप्पा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यावेळी मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, आणि जयाप्पांचे पुत्र जनकोजी पानिपतानंतर कैदेत मारले गेले. उरले महादजी. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. गादीवर आलेले दौलतराव हे त्यांचे भाऊ तुकोजी यांचे नातू. दत्तकविधान रीतसर झाले होते की नाही, यावर महादजींच्या विधवांनी वाद उभा केला. ‘शिंद्यांच्या बायांचे बंड’ म्हणतात ते हेच. १८२७ मध्ये दौलतरावही निपुत्रिक गेले. त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी भाऊबंदांतला मुकुटराव दत्तक घेतला, तो दुसरा जनकोजी. १८४३ मध्ये जनकोजीही मुलाविना गेले, तेव्हा आणला गेला भगीरथराव. तेच जयाजीराव. म्हणजे ओळीने तीन दत्तके. आजची पिढी जयाजीरावांच्या रक्ताची आहे. तिला ‘महादजींचे थेट वंशज’ म्हणणे दत्तकाच्या कायद्याने चालेल, पण इतिहासाच्या लेखात ते खुलाशाशिवाय छापू नये. दोन जनकोजी आणि दोन माधवराव यांची सरमिसळही यातूनच होते. रेल्वेमंत्री माधवराव वेगळे आणि १८८६ ते १९२५ राज्य करणारे त्यांचे आजोबा माधवराव महाराज वेगळे.

दत्तकांचा हा मुद्दा नुसता नातेसंबंधांचा नाही. दत्तक मूल अल्पवयीन असे, त्यामुळे कारभार दुसऱ्याच्या हाती जाई, आणि मंजुरी इंग्रजांची लागे. १८४३ मध्ये गादीवर लहान मूल, पालक म्हणून तितकीच कोवळी विधवा ताराबाई, आणि दरबारात मामासाहेब विरुद्ध दादा खासगीवाले असे दोन तट. इंग्रजांना शिरायला एवढे पुरेसे होते. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या आणि ग्वाल्हेरची फौज हरली. नंतरच्या तहाने दरबारच्या सैन्यावर ९,००० ची मर्यादा आली आणि ग्वाल्हेर कंटिंजंट ही दुसरी फौज वाढवण्यात आली. तिचा खर्च संस्थानाचा, अधिकारी इंग्रज.

हे नीट ध्यानात घेतले नाही तर १८५७ कळतच नाही. १४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेरला उठली ती ही कंटिंजंट. ती पुढे तात्या टोप्यांना मिळाली आणि कानपूरपर्यंत लढली. महाराजांची स्वतःची फौज वेगळी. १ जून १८५८ रोजी तात्या, राणी लक्ष्मीबाई आणि नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब चालून आले तेव्हा जयाजीराव ती घेऊन मुरारजवळ सामोरे गेले, तर बहुतेक सैन्य जागच्या जागी पलीकडे गेले. महाराज आग्र्याला पळाले. ते इंग्रजांच्या बाजूने होते, यात शंका नाही आणि त्यावर पांघरूण घालण्याचेही कारण नाही. पण ‘ग्वाल्हेरने राणीला दगा दिला’ हे सरसकट वाक्य त्या शिपायांवर अन्याय करते. ग्वाल्हेरचे सैन्य राणीच्या बाजूला होते, राजा नव्हता. आणि राजावर इंग्रजांचा भरवसा तरी किती? ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी १८८६ पर्यंत परत दिला नाही, आणि दिला तेव्हा बदल्यात झाशी शहर घेतले.

आता नकाशाकडे. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतरावांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला असे सगळे गमावले. ग्वाल्हेर आणि गोहद १८०५ च्या तहाने परत आले. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा तळ दिला. तेच आजचे लष्कर शहर. उज्जैनहून सत्तेचे केंद्र चंबळेकडे सरकले ते या पराभवामुळे. आंग्रे, शितोळे, फाळके, जाधव ही मराठी सरदार घराणी तिथे रुजली. माधवराव महाराजांनी शिवपुरीला उन्हाळी राजधानी केली, भिंड, शिवपुरी, श्योपूरपर्यंत दोन फुटी रुळांची आगगाडी नेली, तलाव-बंधारे बांधले. मतदाराच्या घरात शिंदे हे नाव पोहोचले ते या कामांतून. महादजींनी दिल्लीच्या बादशहाला तख्तावर बसवले ही गोष्ट श्योपूरच्या शेतकऱ्याला फारशी लागू नव्हती.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे होळकर उपराजप्रमुख. राजधानीवरून इतकी ओढाताण झाली की वर्षातले साडेसहा महिने ग्वाल्हेर आणि साडेपाच महिने इंदूर अशी वाटणी करावी लागली. राजवाडा मात्र अजून निवडणुकीत नव्हता. १९५२ मध्ये ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही लोकसभेच्या जागा हिंदू महासभेच्या विष्णु घनश्याम देशपांडे यांनी जिंकल्या. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरमधून पोटनिवडणुकीत आले तेही महासभेचेच ना. भा. खरे. महासभेचा हा गड फोडायला काँग्रेसला राजवाड्याची गरज होती. १९५७ मध्ये जिवाजीरावांच्या पत्नी, म्हणजे राजमाता विजयाराजे गुण्यातून काँग्रेसच्या उमेदवार झाल्या त्या या परिस्थितीत. ‘घराणे मुळात जनसंघाचे’ किंवा ‘मुळात काँग्रेसचे’ अशी दोन्ही विधाने छापली जातात. दोन्ही अर्धवट आहेत.

गुण्याची पुढची यादी पाहा. १९६७ विजयाराजे, स्वतंत्र पक्ष. १९७१ त्यांचे पुत्र माधवराव, जनसंघ. १९७७ माधवराव, अपक्ष. १९८० माधवराव, काँग्रेस. १९८९ पासून १९९८ पर्यंत चार वेळा विजयाराजे, भाजप. १९९९ माधवराव, काँग्रेस. २००२ च्या पोटनिवडणुकीपासून माधवरावांचे पुत्र ज्योतिरादित्य, काँग्रेस. २०२४ मध्ये तेच, भाजप. चिन्हे बदलत गेली, मतदार बहुतेक वेळा आडनावाबरोबर राहिला. याच घराण्याने दोनदा भोपाळचे सरकारही पाडले. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र गेले, गोविंद नारायण सिंह आले, आणि सूत्रे विजयाराजेंच्या हाती होती. मार्च २०२० मध्ये २२ आमदारांचे राजीनामे पडले आणि कमलनाथ गेले. राज्याचे प्रमुखपद हाती नाही, पण एका सलग पट्ट्यातले आमदार हाती आहेत, म्हणून भोपाळ-दिल्लीशी सौदा करता येतो. दोन्ही वेळचे गणित हेच, आणि त्याचा पट्टा म्हणजे जुन्या संस्थानाचा चंबळेकडचा भाग.

या ताकदीला मर्यादा आहेत, आणि आपल्याकडचे लेख तिथे सर्वांत कच्चे पडतात. १९८० मध्ये विजयाराजे रायबरेलीत इंदिरा गांधींपुढे हरल्या. तो मुलूख शिंद्यांचा नव्हताच. पण १९८४ मध्ये त्यांच्या कन्या वसुंधराराजे भिंडला, म्हणजे ऐन संस्थानात हरल्या. त्याच निवडणुकीत माधवरावांनी ग्वाल्हेरला वाजपेयींना पाडले. म्हणजे इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत पक्षाचे चिन्ह आडनावाला भारी पडले होते. वसुंधराराजे पुढे राजस्थानच्या दोनदा मुख्यमंत्री झाल्या त्या धोलपूर आणि झालावाडच्या बळावर, ग्वाल्हेरच्या नव्हे. आणि २०१९ मध्ये ज्योतिरादित्य खुद्द गुण्यात सव्वा लाखाच्या फरकाने हरले. तेच २०२४ मध्ये तिथूनच पाच लाखांहून जास्त मतांनी आले. नुसते आडनाव पुरत असते तर २०१९ चा पराभव झाला नसता, नुसता पक्ष पुरत असता तर १९७७ मध्ये अपक्ष माधवराव निवडून आले नसते. उमेदवार, पक्ष आणि त्या वर्षीची हवा हे तिन्ही पाहूनच लिहायला हवे.

एक विनंती. या घराण्याची वंशावळ पुन्हा छापाल तेव्हा दौलतराव, जनकोजी (दुसरे) आणि जयाजीराव या तिघांच्या नावांपुढे ‘दत्तक’ असे लिहावे, आणि शेजारी १९४८ चा ग्वाल्हेर संस्थानाचा नकाशा आजच्या लोकसभा मतदारसंघांच्या सीमांसह द्यावा. त्यात उज्जैन, मंदसौर, विदिशेकडचा मुलूखही दाखवावा. तोही संस्थानातच होता. मग घराण्याचा मुख्य जोर ग्वाल्हेर-गुण्याकडेच का राहिला, यावर आपल्या प्रतिनिधींनी एक स्वतंत्र लेख लिहावा.

आपला,
एक वाचक, सातारा