पुढचे डावे चाक का उचलते?

डेन्व्हर, कोलोरॅडो
१४ सप्टेंबर

प्रिय मित्र श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची चित्रफीत दोन्ही मिळाली. तुझा क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटवरची छोटी गाडी) चढाला लागला की पुढचे डावे चाक खडकावरून सुटते, चेसिस उजवीकडे कलते आणि अखेर गाडी त्याच कुशीवर आडवी होते, हे मी चार-पाच वेळा थांबवून पाहिले. दोष डाव्या स्प्रिंगचा असावा असे तुला वाटते आणि तेवढ्याने भागले नाही तर मोटर आडवी फिरवून बसवण्याचा तुझा बेत आहे. दोन्हींवर पैसे घालण्यापूर्वी एक साधी परीक्षा कर. गाडीचे नाक भिंतीला टेकवून थोडा थ्रॉटल दे आणि चेसिस कोणत्या बाजूला कलते ते बघ. मग तिची पाठ भिंतीला लावून रिव्हर्स दे. स्प्रिंग खचली असेल तर गाडी दोन्ही वेळा एकाच बाजूला कलेल. दुसऱ्या वेळी ती डावीकडे कलली, तर स्प्रिंग निर्दोष आहे आणि हा सगळा प्रताप ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांच्या आसापर्यंत (ॲक्सलपर्यंत) जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, पिळाचा आहे असे समज.

शाफ्ट मागच्या ॲक्सलला ज्या दिशेने पिळतो, नेमका तितकाच पीळ उलट दिशेने चेसिसला बसतो. पुढच्या शाफ्टचेही तसेच. आपल्या गाड्यांत दोन्ही शाफ्ट सहसा गिअरबॉक्समधल्या एकाच आरपार दांड्याला जोडलेले असल्यामुळे त्यांचे पीळ एकाच दिशेचे असतात आणि चेसिसवर त्यांची बेरीज होते. सपाटीवर, चारही चाकांची पकड सारखी असताना, एवढ्याने चेसिस फक्त कलते, चाकांवरचा भार फारसा बदलत नाही. चढावर मात्र वजन मागे सरकते, खरे काम मागची चाके करू लागतात, मागचा पीळ पुढच्यापेक्षा वरचढ होतो आणि त्याचा उरलेला हिस्सा चेसिसमार्गे पुढच्या स्प्रिंगांपर्यंत पोहोचून पुढचे एक चाक उचलतो. चित्रफितीत नीट पाहिलेस तर त्याच क्षणी मागचे उजवे चाकही हलके झालेले दिसेल.

आता मोटरीच्या दिशेविषयी. तू ती उभी बसव, आडवी बसव किंवा तिचे तोंड मागे कर. ती गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स चेसिसला पक्का जोडलेला आहे, त्यामुळे त्या दोघांमधली ओढाताण घरातल्या घरातच मिटते. चेसिसला बाहेरून जाणवतो तो केवळ बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा पीळ. थ्रॉटल एकदम दाबल्यावर रोटरचा जो हिसका बसतो तो मोटरीच्या दिशेप्रमाणे बदलतो, हे खरे. पण खडकावर एकदम थ्रॉटल दाबणाऱ्याचे दुखणे वेगळेच असते. मोटर पुढे सरकवल्याने फायदा होतो तो वजन पुढे गेल्यामुळे, दिशेमुळे नव्हे.

याच दिशांच्या घोळात मीही एकदा फसलो आहे. पहिला किट जोडताना पुढच्या ॲक्सलमधला क्राउन (चाके फिरवणारे मोठे दातेरी चक्र) मी पिनियनच्या (शाफ्टकडून फिरणाऱ्या लहान चक्राच्या) चुकीच्या बाजूला बसवला, आणि थ्रॉटल देताच पुढची चाके पुढे, मागची मागे, अशी गाडी जागच्या जागी थरथरू लागली. मी शहाण्याने स्पीड कंट्रोलर बिघडला असे ठरवून नवा विकत घेतला! म्हणून तू ॲक्सल उघडशील तेव्हा क्राउन कोणत्या बाजूला आहे ते आधी लिहून ठेव.

तुझ्या जुन्या, ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स१० गाडीच्या ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियनची ३८ आणि १३ दात्यांची जोडी आहे, म्हणजे प्रमाण साधारण २.९२. त्याच घरात बसणारी ४३ आणि १३ दात्यांची जोडी मिळते. तिचे प्रमाण ३.३१ होते, आणि चाकाला तितकाच जोर देण्यासाठी शाफ्टला सुमारे १२ टक्के कमी पिळावे लागते. ही जोडी फक्त मागे टाक, म्हणजे पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे १३ टक्के जलद फिरून गाडीला पुढून ओढतील. त्याच कंपनीने २०१६ साली आणलेल्या एससीएक्स१० टूमध्ये तर ३० आणि ८ दात्यांची, म्हणजे ३.७५ची जोडी आहे. ट्रॅक्सास कंपनीच्या २०१७च्या टीआरएक्स-४मध्ये पोर्टल ॲक्सल (चाकाजवळ गिअरांची आणखी एक जोडी असलेले) आहेत. त्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम चाकाजवळच्या गिअरवर जाते, म्हणून शाफ्टवरचा पीळ आणखी उतरतो आणि ॲक्सलचे पोटही जमिनीपासून उंच राहते. मात्र पोर्टलमधल्या दोन गिअरांमुळे फिरण्याची दिशा उलटते, तेव्हा क्राउनची बाजूही बदलावी लागते.

ॲक्सलवरच मोटर असलेल्या गाडीविषयी तू विचारले आहेस. तामिया कंपनीच्या १९८७च्या क्लॉड बस्टर या गाडीमध्ये प्रत्येक ॲक्सलवर एकेक मोटर होती आणि चारही चाके वळत. येथल्या हौशी मंडळींनी तेच ॲक्सल घेऊन सुरुवातीचे क्रॉलर घडवले. शाफ्टच नसल्यामुळे कुशीवर कलणे संपते. पीळ असतोच, पण तो ॲक्सलच्या लांबीभोवती असल्याने लिंकांवर (ॲक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांवर) येतो आणि गाडी पुढे-मागे दबते किंवा उचलते. वजनही अगदी खाली राहते. पण मोटरी खडकाला घासतात, आणि दोन्ही ॲक्सलांमध्ये यांत्रिक दुवा नसल्यामुळे पुढची चाके हवेत गरगरत असताना मागची मोटर एकटीच अडून बसते. शिवाय तोच ॲक्सल मागे उलटा फिरवून लावलास तर त्या मोटरीच्या तारा अदलाबदल कराव्या लागतील, आणि ब्रश मोटरीचे टायमिंग (ब्रशांची जागा) एका दिशेच्या फिरण्यासाठी पुढे केलेले असेल तर उलट फिरताना ती लवकर तापेल. स्पर्धेसाठी मी तशी गाडी घेईन, रविवारच्या भटकंतीसाठी नाही. गोल्डन गावाजवळच्या नॉर्थ टेबल माउंटनच्या माथ्यावर लाव्हाचा काळा कातळ आहे (पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सिंहगडच आठवला), आणि त्यावर माझी शाफ्टवाली गाडीच मला पुरते.

तेव्हा मोटर आहे तिथेच राहू दे. बॅटरी पुढच्या ॲक्सलवर आण, मागच्या स्प्रिंगा किंचित कडक आणि पुढच्या मऊ कर, म्हणजे मागचा पीळ बराचसा मागेच जिरेल. त्यानंतरही चाक उचलले तरच क्राउन-पिनियन बदल. भिंतीजवळच्या परीक्षेत गाडी कोणत्या बाजूला कलली ते मात्र लगेच कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
माधव