जनुक तेच, सांगाडा वेगळा

माननीय संपादक महोदय,

‘उंचीचे जनुक सापडले’, ‘सापाचे पाय नाहीसे करणारे जनुक’ अशा धर्तीचे मथळे विज्ञानाच्या बातम्यांना वारंवार दिले जातात. त्यामुळे प्रत्येक हाडासाठी एकेक स्वतंत्र जनुक असते आणि ज्या प्राण्याकडे ते जनुक नाही त्याच्याकडे ते हाडही नसते, असा वाचकाचा ग्रह होतो. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या सांगाड्याबाबत वस्तुस्थिती याहून बरीच निराळी आहे आणि ती समजावून सांगणे तितकेसे अवघडही नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर आणि माणूस यांच्या गर्भात कूर्चा (मऊ, लवचीक हाड) व हाडे घडवणारी प्रमुख जनुके बव्हंशी एकच आहेत. कूर्चेच्या पेशी तयार होण्यासाठी ‘सॉक्स-९’ लागते आणि हाडांच्या पेशींसाठी ‘रन्क्स-२’. मग प्राण्याप्राण्यांत फरक पडतो कुठे? मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन या संशोधकांनी १९७५ मध्येच असे मांडले होते की, माणूस व चिंपांझी यांची प्रथिने इतकी सारखी आहेत की त्यांच्या शरीररचनेतील अंतराचे कारण प्रथिनांपेक्षा जनुकांच्या नियमनात शोधले पाहिजे. माणसाच्या डीएनएपैकी प्रथिने कशी घडवायची हे सांगणारा भाग जेमतेम एक ते दोन टक्के आहे. एखादे जनुक गर्भाच्या कोणत्या भागात, कधी, किती वेळ आणि किती प्रमाणात कार्यरत राहावे हे ठरवणारे लहान लहान नियामक खंड उर्वरित डीएनएमध्ये विखुरलेले आहेत.

सापाचेच उदाहरण घेऊ. हातापायांच्या वाढीसाठी ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक आवश्यक असते आणि ते सापाकडे शाबूत आहे. तसे ते असणारच, कारण मेंदू व कणा घडवण्यासाठीही तेच लागते. मात्र हातापायांच्या अंकुरात हे जनुक सुरू करणारा नियामक खंड त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे (डीएनएच्या साखळीतील एकेक घटक म्हणजे एक अक्षर) दूर, भलत्याच जनुकाच्या पोटात दडलेला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी उंदराचा हा खंड काढून त्या जागी इतर प्राण्यांचा खंड बसवला. माणसाचा खंड बसवला तेव्हा उंदराचे पाय व्यवस्थित वाढले आणि सीलाकँथ या प्राचीन वंशाच्या माशाचा बसवला तेव्हाही वाढले. परंतु अजगराचा किंवा नागाचा बसवल्यावर पाय खुरटून नुसते खुंट उरले. अजगराच्या खंडातून गळालेली अवघी १७ अक्षरे परत घातल्यावर पाय पुन्हा पूर्ववत वाढले. (अजगराच्या शरीराच्या मागील भागात आजही नखासारखे दोन अवशेष असतात, म्हणजे त्याच्या वंशात पायांची घडण एका फटक्यात पुसली गेलेली नाही.) याच खंडातील एका अक्षराच्या बदलाने माणसाच्या हाताला जादा बोट येऊ शकते, हेही आता ज्ञात आहे.

उत्क्रांतीत जनुकाऐवजी त्याचे नियमनच का बदलावे, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर मला स्टिकलबॅक या छोट्या माशात मिळते. हिमयुग सरल्यावर समुद्रातील हे मासे ठिकठिकाणच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकले आणि त्यांच्यापैकी अनेक वस्त्यांमध्ये पोटाखालचे काटेरी पर व त्यांना आधार देणारी हाडे नाहीशी झाली. ‘पिटएक्स-१’ नावाचे संबंधित जनुक या माशांत धडधाकट आहे; तुटला आहे तो त्या परांपुरता त्याला चालना देणारा खंड. तोच खंड शाबूत स्वरूपात आणि त्याच्याबरोबर जनुकाची प्रत अंड्यात सोडल्यावर बिनपराच्या माशाला हाडे पुन्हा आली, हे २०१० मध्ये दाखवले गेले. हे जनुक जबड्यासाठी आणि पीयूष ग्रंथीसाठीही लागते. ते समूळ निकामी केलेले उंदीर जन्मतःच दगावतात. एकच प्रथिन शरीरात अनेक ठिकाणी राबत असताना मूळ जनुक बिघडवणे परवडत नाही. एका जागेचे नियमन बदलले तर मात्र बाकीचे शरीर अबाधित राहते.

कण्याची कथा थोडी वेगळी आहे. तेथे ‘हॉक्स’ गटातील जनुके स्वतःच इतर जनुकांची नियामक असतात आणि कोणता मणका मानेचा, कोणता बरगड्यांचा, कोणता कमरेचा, हे त्यांच्या कार्यक्षेत्रांवरून ठरते. उंदरात ‘हॉक्स-१०’ गटातील तिन्ही जनुके निकामी केली असता कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. जिराफाच्या आणि उंदराच्या मानेत सातच मणके असतात, ही परिचित गोष्ट या संदर्भात वाचली तर तिचे नवल वाढते.

सर्व काही नियमनावर अवलंबून असते, असे मात्र कोणी समजू नये. ॲकॉन्ड्रोप्लाझिया या खुजेपणाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आनुवंशिक विकारात ‘एफजीएफआर-३’ या प्रथिनाचीच रचना बदललेली असते. याउलट ‘सॉक्स-९’ची गंमत पाहावी. या जनुकातच दोष असेल तर हातापायांची हाडे वाकणारा, अनेकदा जीवघेणा ठरणारा विकार होतो. दोष जनुकापासून दहा लाखांहून अधिक अक्षरे दूरच्या नियामक भागात असेल, तर काही बालकांत केवळ खालचा जबडा लहान राहतो, जीभ मागे सरकते आणि टाळू दुभंगते. ज्या तपासणीत डीएनएचा फक्त प्रथिने सांगणारा भाग वाचला जातो, तिच्या अहवालात अशा बालकाबाबत काहीही आढळणार नाही आणि तरीही कारण जनुकीयच असेल. आईवडिलांच्या हाती असा ‘निर्दोष’ अहवाल पडतो, तेव्हा या फरकाला पुस्तकी म्हणता येत नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. जनुकविषयक संशोधनाची बातमी देताना सापडलेला बदल प्रथिनात आहे की नियमनात, तो शरीराच्या कोणत्या भागात परिणाम करतो आणि प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, एवढे तरी दोन-तीन वाक्यांत द्यावे. मथळ्याची जागा मर्यादित असते हे मान्य आहे, पण बातमीत तेवढी जागा नक्कीच निघू शकते.

आपली,
एक नियमित वाचक