कानाझावा आणि बाबांचे गुडघे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं, छान" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, आई. म्हणून कागदावर लिहितेय. कागद ते दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

गेल्या शनिवारी कानाझावाला जाऊन आले. एकटीच. तुमचे जावई आणि नात घरी थांबले. फिरायला म्हणून नाही गेले, पाहणीला गेले. गणपतीत बाबा म्हणाले होते ना, "आता आमचं फिरणं झालं, गुडघे नाही म्हणतात," ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हटलं, जुनं जपान बघायचं, गर्दी बेताची आणि रस्ता सपाट, असं गाव शोधू आणि आधी आपण चालून बघू. त्यामुळे अख्खं शहर मी पायऱ्या आणि बाकं मोजत पाहिलं.

तोक्योहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच तास लागतात. २०१५ पर्यंत ही गाडी तिथे जातच नव्हती. मध्ये डोंगर, पलीकडे जपानी समुद्र. आपलं कोकण कसं घाटाखाली, तसंच काहीसं. आणि पाऊस! वर्षभर कधीही. स्टेशनच्या दारात दोन मृदंगांसारखे पीळदार खांब असलेली मोठी लाकडी कमान आहे, 'नो' या पारंपरिक जपानी नाटकातल्या त्सुझुमी नावाच्या वाद्यावरून केलेली. तिच्या मागे काचेचं प्रचंड छत. पावसात उतरलेल्या पाहुण्यावर छत्री धरावी, ही त्यामागची कल्पना.

त्या छताखाली उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की छत्री गाडीतच राहिली. डबा मात्र घेतलेला होता. थालीपीठ आणि लोणचं.

इथे गावकरी स्वतः फुकट वाट दाखवतात. त्या गटाचं नाव 'माइदो-सान', म्हणजे तिथल्या बोलीतलं "या, या" धरा. बहुतेक सगळे निवृत्त झालेले लोक. आमच्या घोळक्याला मिळाल्या त्या आजी शहात्तर वर्षांच्या, बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. मी भिजत पोचलेली बघून हसल्या आणि गावातली म्हण सांगितली, "डबा विसरलीस तरी चालेल, छत्री विसरू नकोस." मी पिशवीतून डबा काढून दाखवला. पुढे सगळ्या घोळक्यात मी 'डबेवाली' झाले. मुंबईच्या डबेवाल्यांचं तिथे कुणाला माहीत नव्हतं, नाहीतर अभिमानाने सांगितलं असतं.

सुरुवात नागामाचीपासून. ही सामुराईंची आळी. १५८३ साली माएदा तोशिइए हा सरदार कानाझावाच्या किल्ल्यात आला आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षं माएदा घराण्याचं राज्य होतं. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, सोडला तर एवढं श्रीमंत घराणं दुसरं नव्हतं. त्यांची मिळकत दहा लाख कोकू तांदूळ. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, दीडशे किलोच्या आसपास. बाबा, तलाठी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यापेक्षा सोपा हिशोब कुठला? पैशात नाही, भातात.

गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. खाली दगडाचं जोतं, वर पिवळट मातीची भिंत, तिच्यावर छोटंसं लाकडी छप्पर. आणि त्या भिंतींना आत्ताच, डिसेंबरच्या सुरुवातीला, गवताच्या चटया बांधलेल्या होत्या. कोमो म्हणतात त्यांना. भिंतीत मुरलेलं पाणी थंडीने गोठतं, मग माती सुटून पोपडे पडतात. म्हणून बर्फाआधी भाताच्या पेंढ्याचं हे पांघरूण घालायचं आणि मार्चमध्ये काढायचं. मी बघतच राहिले. मृगाच्या आधी बाबा आणि दादा पडवीला झाप बांधायचे ना, झावळ्यांचे विणलेले, अगदी तेच! तिथे बर्फ, आपल्याकडे झड. आजींना मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अजून बांधता?" मी म्हटलं, आता पत्रे लावले. त्या "हं" म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. त्या "हं"मध्ये काय होतं ते मला कळलं नाही.

भिंतीच्या कोपऱ्यावर एक दगड पुढे आलेला दिसला. मला वाटलं गाडी घासू नये म्हणून असेल. तर तो 'गोप्पो' दगड. बर्फातून गेता, म्हणजे तळाला दोन दात असलेल्या लाकडी खडावा, घालून चाललं की दोन दातांच्या मध्ये बर्फ घट्ट बसतो, त्याला इथे गोप्पो म्हणतात. तो झटकायला या दगडावर पाय आपटायचा. एवढ्याशा गैरसोयीसाठी कुणीतरी रस्त्यात दगड बसवला, मला हे किल्ल्यापेक्षा जास्त आवडलं.

आणि सगळीकडे पाण्याचा आवाज. शहरात लहानमोठे ५५ कालवे आहेत, एकूण लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. नागामाचीतून जाणारा ओनोशो कालवा त्यांतला सगळ्यांत जुना. बंदरातून किल्ल्याचं लाकूड यातून वाहून आणत. आग लागली तर विझवायला हेच पाणी, हिवाळ्यात साठलेला बर्फ ढकलायलाही हेच. सामुराईंच्या वाड्यांत तर पाणी बागेत वळवून घेत, तळ्यातून फिरवत आणि परत कालव्याला सोडत. आई, वाडीत पाटाचं पाणी पोफळींमधून फिरवून पुढच्या घराला सोडायची ती पद्धत आठव. फक्त इथे पाटाच्या पाळीवरून भांडणं झाली की नाही ते आजींनी सांगितलं नाही.

नोमुरांचा वाडा तिकीट काढून बघता येतो. बाग अप्रतिम, पण बूट काढून आत जायचं आणि उंबरे बरेच. बाबा, तुम्ही ओसरीवर बसून बाग बघायची. ती बसूनच बघायची असते, तुमच्यासाठी वेगळी सवलत नाही! मला त्यापेक्षा तिच्यामागची गोष्ट लागून राहिली. १८६८ नंतर सामुराईंचं वेतन बंद झालं. बहुतेकांनी जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या, बागांच्या जागी भाज्या लावल्या. त्या पायरीला पोचल्यावर आजी फारसं बोलल्या नाहीत. घराण्याचा उतार सांगताना आपल्याकडेही माणसं अशीच गप्प होतात.

पुढे पायदळातल्या साध्या शिपायांची दोन घरं हलवून आणून ठेवली आहेत. इथे तिकीट नाही. छपरावर फळ्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड. आत दोन-तीन खोल्या, मागे परसू. एवढ्या हलक्या हुद्द्याच्या माणसालासुद्धा इथे चाळीतली खोली नव्हती, स्वतःचं घर होतं. सरदाराच्या वाड्यापेक्षा इथे मी जास्त वेळ रेंगाळले.

एव्हाना मी प्रत्येक बाकावर बसून बघतेय, हे आजींच्या लक्षात आलं होतं. दुखतंय का, विचारलं. मी खरं कारण सांगितलं. त्यांनी पॅन्टवरून गुडघ्यावर टिचकी मारली, आत पट्टा होता. म्हणाल्या, "मी हळू चालते ते तुम्हाला सगळं नीट दिसावं म्हणून, असं लोकांना सांगते. खरं कारण हे." मग पुढचा रस्ता त्याच मला वेगळा सांगू लागल्या: इथे उतार आहे, इथे ओलं असतं, या दुकानात चहा न घेताही बसू देतात. बाबा, तुमच्या गुडघ्यांची चौकशी एका अनोळखी बाईने एवढ्या बारकाईने केलीय की आता न येणं बरं दिसणार नाही.

ओयामा देवळाच्या दरवाज्याला वरच्या मजल्यावर रंगीत काचा आहेत. १८७५ सालचं काम, चर्चसारखं आणि जपानी दोन्ही. पायऱ्या आहेत, पण खालूनच छान दिसतं. किल्ल्याच्या काही तटांची दुरुस्ती अजून चालू आहे. १ जानेवारी २०२४ला नोतोचा भूकंप झाला होता, तुम्ही घाबरून रात्री फोन केला होतात तोच. नोतो याच जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. तिथे गावंच्या गावं पडली, इथे तटाचे दगड ढासळले. आजी त्याबद्दल एवढंच बोलल्या आणि आम्हाला बाजाराकडे वळवलं.

ओमिचो बाजार! आई, तू तिथून बाहेर निघणार नाहीस, हे लिहून ठेव. नोव्हेंबरपासून खेकड्यांचा मोसम. पाय दुमडून दोरीने बांधलेले लालभडक खेकडे ओळीने मांडलेले, आणि किमती बघून मी दोनदा शून्यं मोजली. मादी लहान आणि स्वस्त, पण लाखेसाठी (पोटातल्या अंड्यांसाठी) तिथले लोक तिलाच पसंत करतात. तुझंही मत तेच.

दुपारनंतर हिगाशी चाया, असानो नदीच्या पलीकडे. दोन नद्यांपैकी साइला ते पुरुष नदी म्हणतात आणि असानोला बाई नदी, शांत म्हणून. (शांत म्हणून बाई! तुमची आत्या आठवली.) इथे १८२० साली सरकारी परवानगीने नाचगाण्याची चहाघरं एका ठिकाणी वसवली. एरवी गावात दुमजली घर बांधायला बंदी होती, इथे मात्र वरचा मजला पाहुण्यांसाठी उंच. खाली बारीक पट्ट्यांची लाकडी जाळी, किमुसुको, म्हणजे किड्यांचा पिंजरा. आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतलं दिसत नाही. माजघराच्या खिडकीतून तू ओटीवरचे पाहुणे बघायचीस, त्याची आठवण झाली. गेइको, म्हणजे तिथल्या गेइशा, आजही आहेत, पण ओळखीशिवाय नवख्याला आत घेत नाहीत. 'शिमा' नावाचं एक घर १८२० पासून जवळजवळ जसंच्या तसं ठेवलंय, ते मात्र सगळ्यांना बघता येतं. जिना खडा आहे. वर आई जाईल, बाबा खाली चहा घेतील. भाजलेल्या काड्यांचा चहा असतो, दूध नाही, साखर नाही. बाबा, तोंड वाकडं करायचं नाही.

याच आळीत सोन्याचा वर्ख. जपानातला जवळजवळ सगळा वर्ख कानाझावात होतो. दोनेक ग्रॅम सोनं ठोकून ठोकून एका चटईएवढं पसरवतात, जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आणि हे इथेच का, तर पावसामुळे. हवा दमट, म्हणून पानं विजेने एकमेकांना चिकटत नाहीत. आइस्क्रीमवर अख्खं पान लावून देतात. मी घेतलं. चव कशाचीही नाही, काजूकतलीवरच्या वर्खासारखीच.

एक गोष्ट मात्र तुम्हाला दाखवायचीच आहे. बऱ्याच दारांना वर वाळलेलं मक्याचं कणीस टांगलेलं होतं. मला शोभेचं वाटलं. आजी म्हणाल्या, जवळच्या कान्नोनच्या देवळातून आणतात, उन्हाळ्यातल्या एका ठरलेल्या दिवशी. त्या दिवशी एकदा दर्शन घेतलं की शेहेचाळीस हजार दिवसांचं पुण्य. कणीस वर्षभर दारावर, धंद्याला बरकत आणि घराला राखण. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, वेरुळच्या लेण्यांत पाहिलेला. पण मला देव नाही, दार आठवलं. नव्याच्या पौर्णिमेला आई भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून चौकटीला लावते, आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्या चिमण्या खाऊन जातात. आजींना विचारलं, कणीस कोण खातं? म्हणाल्या, कुणी नाही, वाळून जातं. म्हणजे आपलं बरं.

आता कामाचं. नागामाची सकाळी, मग जेवण, मग बस किंवा टॅक्सीने हिगाशी चाया. सलग चालणं अर्ध्या तासाच्या वर कुठेच नाही. एप्रिलमध्ये कोमो काढलेले असतील, पण चेरी असेल. आत्ता पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून खांबावरून दोऱ्यांनी बांधून धरल्या होत्या. बाबा, शहाणी झाडंसुद्धा आधार घेतात. काठी आणा.

पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, आईच्या जांभळ्या शालूखाली आहेत. बाबांच्या पासपोर्टची मुदत फेब्रुवारीत संपते असं मला वाटतंय, आजच काढून बघा आणि दादाला फोटो पाठवायला सांगा. नूतनीकरणाला वेळ लागतो.

भाजणी संपत आलीय. ती आण. छत्र्या इथे आहेत, परवा स्टेशनवर घेतलेली धरून चार.

तुमची,
धाकटी