हर्णैहून, बंदी लागण्याआधी

हर्णै, २९ मे

प्रिय मित्रा,

फोनवर तू तीनदा विचारलंस, "मासळीचा लिलाव कसा होता?" आणि तिन्ही वेळा मी "मस्त" म्हणून गप्प बसलो. तुला एवढ्यावर सोडणं बरोबर नाही. तू प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून पडला आहेस, मी इथे खोलीत उकाड्यात जागा आहे. म्हणून वही काढली. सावकाश वाच.

आठ वर्षं आपण दापोलीजवळच्या या बंदरावर येतोय, पण नेहमी मेच्या सुरुवातीला, आंब्याच्या हिशेबाने. यंदा तुझ्या पायापायी निघणं लांबलं आणि मी पोचलो तो शेवटच्या आठवड्यात. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. हे आपल्याला पाठ आहे. पण बंदी चार दिवसांवर आली की बंदर कसं दिसतं, हे मी या खेपेला पहिल्यांदा पाहिलं. आपण सुट्टीला येतो तेव्हा इथल्या लोकांचं वर्ष संपत आलेलं असतं, हे आठ वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परवा संध्याकाळी चारच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. मोठ्या बोटी नेहमीसारख्या लांब पाण्यात उभ्या, कारण काठाशी खोली नाही. छोट्या होड्या माल घेऊन अलीकडे येतात आणि तिथून पुढे बैलगाड्या. बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत गाडी आत जाते, टोपल्या चढतात, आणि बैल कोणी न हाकता वळतात. त्यांना वाट माणसांपेक्षा जास्त माहीत आहे. बोटी लागायला धक्का हवा, ही मागणी इथल्या लोकांनी कित्येक वर्षं केली. आपल्याला त्या बैलगाड्यांचे फोटो काढावेसे वाटतात, पण एका गाडीवानाच्या पायाची खाऱ्या पाण्याने चिरलेली कातडी पाहिली आणि मी मोबाइल खिशात ठेवला.

मग लिलाव. वाळूवर ढीग लागलेले: सुरमई, बांगडे, कोळंबी, मांदेली, म्हाकूल, मध्येच एखादा हलवा. लिलाव पुकारणारा एका ढिगाशी उभा राहतो, भोवती बायकांचं कडं. आकडा वर चढतो, कोणी मान हलवते, कोणी नुसती भुवई, आणि तो पुढच्या ढिगाकडे निघालेलासुद्धा असतो. ढीग कोणाला सुटला हे मला अजूनही कळत नाही. बायकांना मात्र पैसा न् पैसा कळतो. मागे बर्फ फोडण्याचा आवाज, पुण्या-मुंबईकडे जाणारे टेम्पो, आणि त्या सगळ्यावर मासळीचा तो वास, जो तुला आवडतो आणि वहिनींना नाही.

आपल्या मासळीवाल्या मावशी भेटल्या. मला एकट्याला बघून त्यांनी आधी पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "दुसरे कुठे आहेत?" पाय मोडल्याचं सांगितलं तर खरंच हळहळल्या. मग एक बांगडा चिरून आतली गाबोळी, म्हणजे अंडी, दाखवली. "पोटुशी झालीत. आता यांना सोडायलाच पाहिजे," म्हणाल्या. पावसाळा हा बऱ्याच मासळीचा विणीचा काळ, आणि समुद्रही तेव्हा होडीला जगू देत नाही, अशी बंदीची दोन्ही कारणं. पण मावशींच्या तोंडून ते नियमासारखं वाटलं नाही, घरातल्या बाळंतिणीबद्दल बोलावं तसं वाटलं.

पलीकडच्याच ढिगात मात्र तळहाताहून लहान पापलेटं होती. मला ते बघवेना. मावशींचे यजमान जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. ते म्हणाले, "ही मोठी झाली असती तर आमचीच होती." एलईडीचे दिवे लावून मासे पकडायला सरकारची बंदी आहे, तरी रात्री समुद्रात लांब उजेड दिसतो, असं ते सांगत होते. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकताना जास्त त्रास झाला. छोट्या होडीवाल्याने ६१ दिवस चूल सांभाळून बसायचं आणि दुसऱ्याने पोरकी पिल्लंसुद्धा उपसायची, हा अन्याय आहे. मी आता लहान पापलेट घेणार नाही. तूही घेऊ नकोस.

काल सकाळी होडीने सुवर्णदुर्गावर गेलो. चढण नाही म्हणून तुझ्या पायाला तोच किल्ला पहिल्यांदा झेपेल. दरवाज्याच्या पायरीवरचं कासव, बाजूच्या भिंतीवरचा मारुती, सगळं जागच्या जागी. तटाचा खालचा भाग मूळ खडकच तासून केलेला आहे, तो या खेपेला हात लावून नीट पाहिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हा आहे. आत मात्र झाडोरा आणि शांतता. तटावर बसून १७५५ चा विचार करत होतो. मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर पेशवे आणि इंग्रज एकत्र चालून आले आणि इंग्रज आरमारातल्या विल्यम जेम्सने हा किल्ला घेतला. त्याच्या पत्नीने पुढे १७८४ मध्ये त्याच्या आठवणीसाठी लंडनजवळ एक मनोरा बांधला, त्याचं नावही सुवर्णदुर्गाच्या इंग्रजी अपभ्रंशावरून. आपल्याच दोन घरांच्या भांडणाचा मनोरा परक्या गावात उभा आहे, हे तिथे बसल्यावर फार लागलं.

कनकदुर्गाच्या दीपगृहापाशी आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. गणपतीला तुझ्या नावाने नारळ दिला. वरून आंजर्ल्याची खाडी दिसते ना, तिथे बोटी आत शिरत होत्या. हर्णैचं बंदर उघडं आहे, पावसाळी लाटेला आडोसा नाही, म्हणून बऱ्याच बोटी खाडीत नेऊन ठेवतात. मुखाशी गाळ साचलेला, त्यामुळे भरतीची वेळ साधावी लागते. एक बोट मुखाशी जरा थबकली, तिरकी झाली, आणि मग एकदम आत सरकली. माझ्या शेजारचा अनोळखी माणूसही तेवढा वेळ श्वास धरून उभा होता.

आज सकाळी पाजपंढरीच्या बाजूला होड्या वर ओढत होते. खाली ओंडके, दोर खांद्यावर, वीस-पंचवीस माणसं आणि एकच हाक. मीही दोराला हात लावला. होडी वाळूवर आली की इंजिन उतरवतात, जाळी धुऊन वाळवून घरात जातात, आणि मग झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, होडी शाकारतात, घर शाकारावं तशी. तांडेलकाका स्वतः झाप बांधत होते. २०२० च्या निसर्ग वादळाने ३ जूनला इथली छपरं आणि माड कसे गेले, ते गाठ मारता मारता सांगत होते. गाठ तीनदा ओढून पाहिली. मग तुझी चौकशी केली. प्लॅस्टर कधी निघणार विचारलं. जुलैत, म्हटलं. "मग बरोबर," म्हणाले, "होडी आणि ते एकदमच बाहेर पडतील."

तेव्हा ऑगस्टमध्ये येऊ या. आंबे नसतील, पाऊस असेल, पण नारळी पौर्णिमा आपण दोघांनी एकदाही पाहिलेली नाही. काठी लागली तर काठी घेऊन ये, वाळूत मी आहे.

रविवारी परत येतोय. अर्धा किलो सोडे, सुके बोंबील आणि थोडा जवळा घेतलाय. सोड्यांची एक पुडी मावशींनी वेगळी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. ती तुझी. वहिनींना म्हणावं, डबा घट्ट झाकणाचा काढून ठेवा.

तुझा,
तोच